दोन ग्रॅमचं जिग की गांडूळ? तिलापिया मासा पकडण्यासाठी

दीड इंची रबरी शेपटी (नकली आमिष) आणि 2 ग्रॅमचं जिगहेड (वजनदार डोकं असलेला गळ) हा संच, म्हणजेच जिग, चांगला आहे, पण पाणी नितळ असेल तरच. काठाजवळ घरटं राखणारा तिलापिया समोरून गेलेल्या शेपटीवर तुटून पडतो. एरवी तो शेवाळ खाणारा, रबराकडे ढुंकूनही बघत नाही. पावसाळ्यात नागपूरच्या तलावांचं पाणी गढूळलं की गांडूळच हवं: 10 नंबरचा गळ, अर्धा इंच तुकडा. अख्खं लावलं तर लोंबतं टोक तेवढं तोडून नेतो.

जिगचा गळ पातळ आहे, जलपर्णीत अडकल्यावर ओढला की सरळ होतो. ते बरंच, शेपटी परत मिळते. गळ पक्कडीने पुन्हा वाकवा. मे महिन्यात शेपट्या बंद गाडीत ठेवू नका, वाकड्या होतात.