डबल मार्कर टेस्ट : ब्लड मस्त घेतलं, तारीख चुकीची धरली

डबल मार्कर (बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मजात क्रोमोसोमचा दोष, असण्याची रिस्क किती ते सांगणारी गरोदरपणातली ब्लड टेस्ट) केली त्या लॅबचा रिव्ह्यू, नाव लिहीत नाहीये. ब्लड घेणारी ताई एक्सपर्ट, माझी शीर पटकन कुणाला सापडत नाही पण हिला लगेच सापडली, उपाशी यायची गरज नाही हेही फोनवरच सांगितलेलं.

मग रिपोर्ट आला. लाल अक्षरात हाय रिस्क, 1:190. नवरा गप्पच झाला. अहो पण याचा अर्थ असा रिपोर्ट आलेल्या 190 जणींत एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असू शकतो, 189 जणींच्या नाही, लॅबने 1:250 ला रेघ मारलीय आणि आपण तिच्या अलीकडे, एवढंच. हे लाल अक्षराखाली दोन ओळीत लिहायला काय जातं?

आमच्या डॉक्टर मॅडमनी आकडे बघितले. टेस्टमध्ये ब्लडमधल्या गरोदरपणातल्या दोन गोष्टी मोजतात, पॅप-ए 0.54, फ्री बीटा एचसीजी 1.9. हे एमओएम, म्हणजे तेवढ्याच दिवसांच्या गरोदर बायकांचा जो मधला आकडा असतो त्याच्या किती पट. डाउनमध्ये पॅप-ए कमी आणि बीटा जास्त येतं, तसंच दिसत होतं. पण लॅबने पाळीच्या तारखेवरून 13 आठवडे धरलेले, आणि सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून 11 आठवडे 5 दिवस. माझी पाळी आधीपासूनच लांबायची. या काळात पॅप-ए रोज वाढत असतं आणि बीटा उतरत असतं, त्यामुळे दिवस जास्त धरले की एक उगाच कमी दिसतं आणि दुसरं उगाच जास्त. सोनोग्राफीचा कागद मी फॉर्मलाच जोडलेला, कुणी उघडूनही बघितला नाही!!

फोन केल्यावर त्याच ब्लडच्या आकड्यांवरून परत हिशोब केला, सुई नाही, पैसे नाहीत. आता 0.82 आणि 1.5, रिस्क 1:1400. वजनही काट्यावर न घेता नुसतं विचारून लिहिलं होतं. वजन, जुळं, आयव्हीएफ, शुगर, सिगारेट सगळं या हिशोबात जातं, तेव्हा फॉर्म स्वतः वाचून मगच सही करा.

टेस्ट म्हणून चांगलीच आहे, एनटी स्कॅन (सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात) जोडून केली तर डाउनच्या साधारण 85 ते 90 टक्के केसेस पकडते, पण शंभरात पाच जणींना विनाकारण हाय रिस्क सांगते. एनआयपीटी (आईच्या ब्लडमधला बाळाचा डीएनए बघतात) जास्त अचूक, तरी तेही स्क्रीनिंगच, पक्कं हवं तर सीव्हीएस (वारेचा तुकडा तपासणं) किंवा ॲम्निओ (गर्भजल तपासणं).

तीन स्टार. जुना लाल रिपोर्ट अजून ॲपमध्ये दिसतोय, काढा म्हणून मेसेज टाकलाय, रिप्लाय नाही.