कॅनडातला नाताळ: खरं झाड की प्लास्टिकचं?

डिसेंबर आला की कॅनडातल्या घराघरांत हा वाद रंगतो. खऱ्या झाडाची बाजू घेणारे आधी वासाचं नाव काढतात, आणि क्वेबेक-नोव्हा स्कोशिया या प्रांतांतल्या बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाला तो खरंच असतो. पण निगा हवी. घरी आणल्यावर बुंध्याची 2-3 सेंटिमीटर चकती करवतीनं कापायची. नाहीतर जुन्या कापावर डिंक धरतो नि झाड पाणीच ओढत नाही. पहिल्या दिवशी ते तीन-चार लिटरसुद्धा पितं. स्टँड एकदा कोरडा पडला की पुन्हा डिंक धरतो, मग सुया झडतात. हीटरच्या झरोक्याजवळ तर ठेवूच नये, वाळलेलं झाड भसकन पेटतं. जानेवारीत अनेक शहरांत पालिका ते उचलून भुसा करते. चमचमत्या झिरमिळ्या मात्र आधी काढाव्या लागतात.

प्लास्टिकचं झाड खोक्यातून काढा, फांद्या पसरवा, झालं. अनेक अपार्टमेंट इमारतींत खऱ्याला बंदीच, तिथं प्रश्नच मिटतो. पर्यावरणाचा हिशेब मात्र उलटा: माँट्रियलच्या एलिप्सोस संस्थेच्या 2009 च्या अभ्यासानुसार प्लास्टिकचं झाड 20 वर्षं वापरलं तरच पर्यावरणाला खऱ्यापेक्षा परवडतं. बहुतेकांचं त्याआधीच माळ्यावरून कचऱ्यात जातं.