आधी कॉइन्सचा सेल, मग गेमच बंद

ऑनलाइन गेममध्ये पैसे घालणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या घरातली मुलं घालतात त्यांनी, हे वाचावं म्हणून लिहितोय. गेमचं आणि कंपनीचं नाव देत नाही. नाव आलं की कंपनीचे चाहते भांडायला येतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. शिवाय हा प्रकार एकाच कंपनीचा असता तर एवढं लिहीत बसलो नसतो.

टीम करून खेळायचा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम होता. डाउनलोड फुकट. मात्र स्किन्स (म्हणजे कॅरेक्टरचं नुसतं दिसणं बदलणारे पोशाख), नवी कॅरेक्टर्स, सीझन पास (त्या सीझनमधली बक्षिसं मिळवायचं तिकीट), सगळं कॉइन्सवर, आणि कॉइन्स खऱ्या पैशांचे. मित्रांबरोबर बरीच वर्षं खेळत होतो, अधूनमधून कॉइन्स घेतही होतो, तक्रार नव्हती. मग एक दिवस गेम उघडल्यावर पहिल्याच स्क्रीनवर सेल: मोठा पॅक घेतला तर जवळपास तेवढेच कॉइन्स वर फुकट, शेजारी उलटं धावणारं घड्याळ आणि मागे पुढच्या सीझनचं पोस्टर. आम्ही सगळ्यांनीच मोठा पॅक घेतला, पुढचा पास त्यातून घ्यायचा या हिशोबाने.

सेल संपला आणि लगेच घोषणा आली की गेम बंद होतोय. पुढचा सीझन येणारच नव्हता. ‘या प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार’ वगैरे नेहमीची गोड भाषा, आणि खाली बारीक अक्षरांत तीन ओळी. कॉइन्सची विक्री आजपासून बंद. शिल्लक कॉइन्सचा रिफंड मिळणार नाही. सर्व्हर बंद होईपर्यंत ते स्टोअरमध्ये वापरता येतील. म्हणजे गाव उठायच्या आधी तिथेच नवं छप्पर घालून घ्या!

एवढा मोठा गेम बंद करायचं कुणाला सकाळी उठून सुचत नाही. सर्व्हरचे करार असतात, माणसांना दुसऱ्या कामावर हलवायचं असतं, घोषणेचा मजकूर वकिलांकडून तपासून घ्यायचा असतो. सेल लावणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. सिद्ध करता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

सपोर्टला लिहिलं. आधी बॉट. त्याच्याकडे ‘कॉइन्स दिसत नाहीत’ याला उत्तर होतं, ‘कॉइन्स दिसतायत पण आता त्यांचं करू काय’ याला नव्हतं. बऱ्याच खटपटीनंतर एका माणसाचं उत्तर आलं (माणूसच असावा) आणि त्याने अटींमधलं एक कलम चिकटवलं: कॉइन्सना पैशांत कोणतंही मूल्य नाही, तो केवळ वापरण्याचा परवाना आहे, आणि कंपनी तो कधीही काढून घेऊ शकते. वर सद्भावना म्हणून त्यांच्याच दुसऱ्या गेममधले थोडे कॉइन्स देऊ केले. तो गेम मी कधी उघडलेलाही नाही.

खरी चलाखी आहे ती या कॉइन्सचीच. स्किन थेट पैशांना विकली असती तर तिची किंमत दिसली असती, आणि न मिळालेल्या मालाचे पैसे मागता आले असते. मध्ये कॉइन्स आले की दोन्ही गोष्टी धूसर होतात. वस्तू १२०० कॉइन्सची आणि पॅक मिळणार १००० चा किंवा २५०० चा, म्हणून काहीतरी उरतंच, आणि ते उरलेलं वाया जाऊ नये म्हणून माणूस पुन्हा पॅक घेतो. आणि गेम बुडाला की कंपनी म्हणायला मोकळी, तुम्ही मागितले कॉइन्स, आम्ही दिले कॉइन्स, व्यवहार तिथेच संपला.

हे मीच म्हणतोय असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणारी तिथली सरकारी यंत्रणा) गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या कंपनीवर जी कारवाई केली, तिच्यात हाही आरोप होता की गेममधल्या एका चलनातून दुसऱ्या चलनात फिरवण्याच्या पद्धतीमुळे खेळणाऱ्याला, त्यातही मुलांना, खरा खर्च कळतच नाही. कंपनीने २ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी गेममधल्या चलनाबद्दल तत्त्वं जाहीर केली: किंमत खऱ्या पैशांतही दाखवा, नको असलेले कॉइन्स गळ्यात मारू नका. वाचताना वाटलं, आमच्या गेमचं स्टोअर समोर ठेवूनच लिहिलंय.

सपोर्टकडून काही होईना, म्हणून जिथून पैसे भरले त्या अ‍ॅप स्टोअरकडे गेलो. ते म्हणाले डेव्हलपरला विचारा. डेव्हलपर म्हणाला स्टोअरला विचारा. शेवटी स्टोअरच्या रिफंड फॉर्ममध्ये घोषणेचा स्क्रीनशॉट, पावती आणि हात न लावलेल्या कॉइन्सची शिल्लक एवढं जोडलं, तेव्हा सेलमधल्या पॅकचे पैसे परत आले. आधीच्या खरेदीचे नाही. मित्राला तर सेलच्या पॅकचेही मिळाले नाहीत, कारण त्याने त्यातले थोडे कॉइन्स वापरले होते. तेव्हा गेम बंद होण्याची घोषणा दिसली तर सूचनेप्रमाणे कॉइन्स उडवायला धावू नका. आधी शिल्लक आणि पावत्यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी रिफंड मागा.

बँकेकडून परस्पर व्यवहार उलटवून घ्यायचा, म्हणजे चार्जबॅकचा, मार्गही आहे, पण तिथे जपून. आमच्यातल्या एकाने तो धरला आणि त्याचं सगळं खातं लॉक झालं, त्याच खात्यावर घेतलेल्या दुसऱ्या गेम्ससकट. हीही काही नवी युक्ती नाही. फोर्टनाइट गेमवाल्या एपिक गेम्सवर त्याच अमेरिकन कमिशनचं २०२२ च्या डिसेंबरमध्ये जे प्रकरण आलं, त्यात अनधिकृत चार्जविरुद्ध तक्रार करणाऱ्या ग्राहकांची खाती लॉक केल्याचाही आरोप होता. नकळत खरेदी करायला लावणाऱ्या फसव्या बटणांच्या त्या प्रकरणात ग्राहकांना परत देण्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर भरायचं एपिकने मान्य केलं. आधी रीतसर रिफंड मागा, नकार लेखी घ्या आणि त्या खात्यावर आणखी काय काय अडकलंय ते पाहून मगच बँकेकडे जा.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो. फुकटचा गेम, कुणी बळजबरी केली होती का, सर्व्हर काय जन्मभर चालवायचे? जन्मभर चालवा असं कुणीच म्हणत नाहीये. बंद करायचं ठरल्यावर पुढच्या सीझनचं पोस्टर लावून कॉइन्स विकू नका, एवढंच. आणि पैसे मोजून घेतलेल्या गेमचंही फार वेगळं नाही. २०१४ मध्ये आलेल्या युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला, कारण तोही सर्व्हरशिवाय चालत नव्हता. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनकडे केलेल्या नागरिकांच्या अर्जावर तिने १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. बंद करताना गेम निदान खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, इतकीच तिची मागणी आहे.

मनात आणलं तर कंपन्यांना जमतं. सोनीचा कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला, सपशेल आपटला, ६ सप्टेंबरला बंद झाला, आणि विकत घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. घेणारे थोडे होते म्हणून सोपं गेलं, असं म्हणा हवं तर. पण कलमं काढून कुणाच्या तोंडावर फेकली नाहीत.

माझ्यापुरतं म्हणाल तर कॉइन्स शिलकीत ठेवणं बंद केलंय. जी वस्तू आज हवी तिच्यापुरतेच घ्यायचे, नेमके तेवढे मिळत नसतील तर वस्तूच सोडायची. उलटं घड्याळ असलेला सेल आला तर गेमच्या अपडेट्सची पानं मागे जाऊन बघतो. नवीन काही येणं थांबलंय, जुनेच इव्हेंट फिरवले जातायत आणि विक्री तेवढी जोरात आहे, असं दिसलं की हात आखडता घेतो. आमच्या गेममध्ये हे सगळं सेलच्या बरंच आधीपासून दिसत होतं.

त्याच कंपनीने आता नव्या गेमची घोषणा केलीये आणि सर्व्हर सुरू व्हायच्या आधीच ‘फाउंडर्स पॅक’ विकायला ठेवलाय. सर्व्हर किमान किती काळ चालतील, असं मी घोषणेखाली विचारलं. कंपनीकडून उत्तर नाही. पॅकमध्ये किती कॉइन्स आहेत, असं आणखी एकाने विचारलं होतं, त्याला मात्र लगेच मिळालं.