सीडब्ल्यू ६१७ एन छापाचा अर्धा इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह: छाप खरा, पण बॉडीपुरता

हार्डवेअरच्या दुकानात ‘फोर्ज्ड ब्रास’ (तापवून डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून घडवलेले पितळ) म्हणून मिळणाऱ्या बऱ्या प्रतीच्या अर्धा इंची बॉल व्हॉल्व्हच्या बॉडीवर हल्ली सीडब्ल्यू ६१७ एन असा छाप असतो. हा युरोपीय मानकातला पितळाचा क्रमांक. त्यात तांबे ५७ ते ५९ टक्के, शिसे १.६ ते २.५ टक्के, लोखंड, निकेल आणि कथील प्रत्येकी जास्तीत जास्त ०.३, ॲल्युमिनियम ०.०५ आणि बाकी सगळे जस्त, म्हणजे सुमारे ४० टक्के. नगरपालिकेच्या थंड पाण्याला आणि कॉम्प्रेसरच्या हवेला हा व्हॉल्व्ह उत्तम आहे, बिनछापाच्या मालापेक्षा दिलेले जास्तीचे पैसे वसूल होतात. खाऱ्या बोअरच्या पाण्यावर आणि सोलर हीटरच्या गरम लाइनवर मात्र तो लावू नये. दोन्हींचे कारण त्या ४० टक्के जस्तातच आहे.

एवढे जस्त असले की पितळात दोन प्रकारचे कण तयार होतात: तांब्याचे प्रमाण जास्त असलेला अल्फा आणि जस्ताचे जास्त असलेला बीटा. साधारण ७०० अंश सेल्सिअसला बीटा इतका मऊ होतो की तापलेला तुकडा डायमध्ये एका दाबात भरतो. म्हणून फोर्जिंगची बॉडी दाट असते, ओतकामासारखी वायूची भोके तिच्यात राहत नाहीत. शिसे पितळात विरघळत नाही, बारीक थेंबांच्या रूपात विखुरलेले राहते. लेथवर त्यानेच कीस तुटतो आणि आटे स्वच्छ येतात. इथवर सगळे फायद्याचे.

पण पाण्यात क्लोराइड जास्त, त्या मानाने बायकार्बोनेट कमी, आणि पाणी गरम किंवा साचलेले असेल तर आधी तोच बीटा खाल्ला जातो. जस्त विरघळून निघून जाते, मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. यालाच डिझिंकिफिकेशन म्हणतात. बाहेरून आकार जसाच्या तसा दिसतो, म्हणून फसायला होते. स्टेमभोवती (हँडलला आतल्या बॉलशी जोडणारी दांडी) किंवा आट्यांपाशी पांढरी भुकटी जमू लागली की समजावे. कानस मारली तर पिवळ्याऐवजी लालसर, गुलाबी धातू दिसतो आणि पान्याच्या जोराने तो भाग बिस्किटासारखा तुटतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात आणि समुद्राकाठच्या खाऱ्या विहिरींवर ही शंका आधी घ्यावी.

आता या मालातला खरा उणेपणा. छाप बॉडीचा असतो. आतले भाग वेगळ्या धातूचे असतात आणि त्यांवर काहीच लिहिलेले नसते. स्टेम सहसा फ्री-कटिंग पितळाच्या सळईतून कातलेला असतो. आपल्याकडे ती सळई आयएस ३१९ या भारतीय मानकाची: पहिल्या प्रकारात तांबे ५६ ते ५९ आणि शिसे २ ते ३.५ टक्के. यात बीटा भरपूर, आणि स्टेम हा व्हॉल्व्हमधला सर्वांत बारीक भाग. त्याचे चपटे टोक बॉलच्या खाचेत बसते आणि पिळाचा सगळा ताण तिथे येतो. त्यामुळे बॉडी शाबूत असताना स्टेमचे टोक तुटते, हँडल फिरते आणि बॉल जागचा हलत नाही. घेताना स्टेम आतून घातलेला आहे ना हेही पाहावे. आतून घातलेल्या स्टेमला खांदा असतो, ग्लँड नट (स्टेमभोवतीचे पॅकिंग दाबून धरणारा नट) सैल झाला तरी तो दाबाने बाहेर उडत नाही.

बॉल पितळी, वर निकेल आणि क्रोमचा थर, असा हवा. स्वस्त मालात तो लोखंडी निघतो. त्यासाठी चुंबक हँडलला लावून उपयोग नाही, हँडल पोलादीच असते. छोटे चुंबक आत घालून बॉलला टेकवावे. ग्लँड नट किंवा मागचा जोडतुकडा जस्ताच्या डायकास्टिंगचा असल्याची शंका आली तर कोपऱ्यावर कानस मारावी. मुलाम्याखाली पिवळे न दिसता करडे दिसले तर व्हॉल्व्ह परत करावा. फुल बोअर (बॉलचे भोक पाइपाइतकेच) म्हटले असेल तर भोक १५ मिलिमीटरच्या आसपास भरले पाहिजे. हातात घेऊन वजनही करावे: फुल बोअर अर्धा इंची व्हॉल्व्ह शंभरेक ग्रॅमच भरत असेल तर भिंत पातळ ठेवून धातू वाचवलेला आहे.

बिनछापाचा माल बहुधा मिश्र भंगार वितळवून केलेला असतो. जामनगरच्या पितळ उद्योगातही भंगार हाच मोठा कच्चा माल आहे आणि त्यात वाईट काही नाही. वितळवताना नमुना तपासून मिश्रण दुरुस्त केले तर पितळ चांगलेच होते. न तपासता ओतले की लोखंड वाढते, टणक कण होतात, आटे फाटतात. ॲल्युमिनियम वाढले तर ओतताना ऑक्साइडच्या साली अडकतात आणि तिथून पुढे पाणी पाझरते.

खाऱ्या किंवा गरम पाण्याला सीडब्ल्यू ६०२ एन घ्यावा: तांबे ६१ ते ६३, शिसे १.७ ते २.८, आर्सेनिक ०.०२ ते ०.१५ टक्के. आर्सेनिक फक्त अल्फा कणाला वाचवते, बीटाला नाही. म्हणून फोर्जिंगनंतर भाग ५०० ते ५५० अंशांना तापवून बीटा घालवावा लागतो. ही पायरी गाळली तर रासायनिक अहवाल बरोबर येऊनही व्हॉल्व्ह टिकत नाही. पुरवठादाराकडे आयएसओ ६५०९ चाचणीचा अहवाल मागावा (७५ अंशांच्या कॉपर क्लोराइड द्रावणात २४ तास, मग किती खोलवर जस्त गेले त्याचे माप), आणि तो स्टेमचाही मागावा.

हातातल्या एक्सआरएफ यंत्राचा (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारे यंत्र) कागद दाखवून कोणी आर्सेनिक सिद्ध करत असेल तर तो धरू नये. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ आणि शिशाची १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते, शिसे असलेल्या पितळात दोन्ही एकमेकींवर पडतात. तांबे, जस्त, शिसे पाहायला ते यंत्र ठीक, तेही मुलामा घासून काढल्यावर. आर्सेनिकसाठी स्पार्क स्पेक्ट्रोमीटर (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारे यंत्र) लागतो; नमुना म्हणून बॉडीची षटकोनी सपाट बाजू कापून द्यावी.

बसवताना होणारी चूक धातूच्या माथी मारली जाते. मादी आट्यांत जाड टेप गुंडाळून टेपर निपल जोराने पिळला की काठ आतून ताणला जातो. त्या ताणाला अमोनियाची साथ मिळाली, जसे गोठ्याजवळ किंवा मुतारीत, तर काही महिन्यांनी लांबीच्या दिशेने सरळ तडा जातो. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली की अशीच तडकत, आणि अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. उपाय सोपा आहे: टेपचे सहा-आठ वेढे, हाताने घट्ट, मग पान्याने दीड ते दोन फेरे. ज्या बाजूला पाइप घालतो त्याच बाजूचा षटकोन पान्यात धरावा, नाहीतर दोन तुकड्यांची बॉडी मधल्या जोडावर फिरते.

पिण्याच्या पाण्याबाबत: कातकामात शिसे पृष्ठभागावर पसरते, म्हणून नव्या व्हॉल्व्हमधून आधी भरपूर पाणी सोडून द्यावे आणि नंतरही रात्रभर साचलेले पहिले पाणी पिऊ नये. आयएस १०५०० नुसार पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पाण्याचा स्पर्श होणाऱ्या भागांत शिशाची भारित सरासरी ०.२५ टक्क्यांवर चालत नाही. तिथल्या घरासाठी इथून हा व्हॉल्व्ह नेऊ नये. शिसे नकोच असेल तर सी ६९३०० (अमेरिकी क्रमांक) हे सिलिकॉनचे पितळ (तांबे ७३ ते ७७, सिलिकॉन २.७ ते ३.४ टक्के) मागावे. ते महाग पडते, पण जस्त गळण्यालाही चांगले तोंड देते.