भाचीसाठी घेतलेलं ऑनलाइन काउन्सेलिंग, खरंच उपयोग झाला

भावोजी अपघातात अचानक गेले, त्यानंतर १५ वर्षांच्या भाचीसाठी हे काउन्सेलिंग लावलं. पोरगी रडायचीच नाही, उलट दार आपटणं, आईवर खेकसणं, रात्र रात्र जागी, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला की दचकायची कारण बातमी तशीच आली होती. सगळे म्हणायचे वयच तसं आहे.

मॅडमनी आधी ताईला नीट समजावलं की या वयात दुःख बऱ्याचदा रागातून बाहेर पडतं, भावना आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो, त्यामुळे दुपारी मैत्रिणींसोबत हसणारी मुलगी संध्याकाळी कोसळते यात नाटक काही नसतं. बोलायची जबरदस्ती अजिबात नाही, तिनं स्वतःहून बाबांचा व्हॉइस मेसेज ऐकवला तेव्हाच त्या विषयाला हात घातला, हे मला फार आवडलं.

सेशन मात्र छोटं वाटतं, मुलगी जरा खुलते न खुलते तोच वेळ संपते. आणि ६ महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडत असेल तर सायकियाट्रिस्टना दाखवा, मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. माझ्याकडून ४ स्टार.