लाडक्या बहिणीचे दीड हजार: मुलीच्या नावावर, गटात की स्वतःच्या पेन्शनला?

लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. घरखर्चातून तिचे महिन्याचे १५०० रुपये वाचवता आले तर ठेवायचे कुठे? इथे मी तिशीतली, चार-पाच वर्षांची मुलगी असलेली, पगाराची नोकरी नसलेली बाई डोळ्यांसमोर ठेवली आहे. व्याजाचं नंतर बघू. पैसा कुणाच्या नावावर राहणार आणि अडीनडीला तो काढता येणार का, हे आधी बघायचं.

बहुतेक जणी सुकन्या समृद्धीपासूनच, म्हणजे मुलीच्या नावाच्या सरकारी बचत खात्यापासूनच, सुरुवात करतात, आणि व्याजात तिला तोड नाही. सध्या ८.२ टक्के मिळतात, त्यावर कर नाही. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी रक्कम हातात. महिन्याला ५०० भरले आणि दर हाच राहिला तर ९० हजारांचे सुमारे पावणेतीन लाख होतात. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, हे अनेकींना माहीत नसतं. पण हा पैसा मुलीचा. ती अठराची झाली की खातं तिच्या हाती जातं. तुम्ही आजारी पडलात, घर सोडायची वेळ आली, तर त्यातलं काही तुमच्या कामी येणार नाही. शिवाय मुलगी १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर लेक लाडकी योजनेतून टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये तिला मिळू शकतात, त्यातले ७५ हजार अठराव्या वर्षी. त्यासाठी तुम्हाला एक रुपयाही भरायचा नाही. तेवढा भार आईने स्वतःच्या डोक्यावरून उतरवावा, असं मला मनापासून वाटतं.

अटल पेन्शन या सरकारी योजनेकडे मात्र बायका वळतच नाहीत, आणि मला ते सलतं. वय १८ ते ४० असेल आणि आयकर भरत नसाल तर त्यात जाता येतं. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर महिना ५७७ रुपये भरून साठीनंतर मरेपर्यंत महिना ५००० रुपये. हेच अठराव्या वर्षी फक्त २१० आणि चाळिसाव्या वर्षी १४५४ होतात, म्हणून लेकीसुनांना लवकर सांगा. तुमच्यामागे तीच पेन्शन नवऱ्याला, आणि दोघांच्या पश्चात साडेआठ लाख वारसाला. खोट दोन ठिकाणी आहे. पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेली तर तीस वर्षांनंतरचे ५००० आजच्या साधारण ८७० रुपयांएवढे ठरतील. आणि मधेच पैसे हवे असतील तर योजनेतूनच बाहेर पडावं लागतं, थोडे थोडे काढता येत नाहीत. तरीही मी हिला पहिला क्रमांक देते. घरातल्या कुणीही ‘जरा दे, पुढच्या महिन्यात परत करतो’ म्हटलं तरी हा पैसा हलत नाही. म्हातारपणी औषधाच्या गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरायला लागू नये, एवढं तरी त्यात नक्की होतं.

अडचणीला धावून येतो तो बचत गट. महिना १०० किंवा २०० रुपयांची बचत, आणि गरज पडली की अंतर्गत कर्ज. मुलाची फी, बाळंतपण, बियाणं यासाठी बँक दारात उभी करत नाही तेव्हा गट पैसे देतो. महिन्याला शेकडा दोनचं व्याज ऐकायला जड आहे, पण ते गटाच्याच पेटीत जातं आणि वाटपाला तुमच्याकडे परत येतं. मायक्रोफायनान्सवाल्याला दिलेलं व्याज परत येत नाही. बैठका, बचत, कर्जवाटप, परतफेड आणि हिशेब नीट ठेवले तर उमेद किंवा माविम या बचत गटांसाठीच्या सरकारी यंत्रणांमार्फत बँकेचं विनातारण कर्जही मिळतं. मात्र गटाची वही एकाच बाईच्या घरी बंद असेल, बैठक होत नसेल, तर त्या गटात शंभर रुपयेही टाकू नका.

पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, सरळ आहे. ६.७ टक्के, पाच वर्षं. सगळे १५०० टाकले तर सुमारे १ लाख ७ हजार होतात. शिलाई मशीन, शेळ्या असं ठरलेलं काही घ्यायचं असेल तर चांगली. महिला सन्मान बचत पत्र ३१ मार्च २०२५ ला बंद झालं आहे, त्याची चौकशी सोडून द्या.

माझी वाटणी अशी: ५७७ अटलला, २०० गटात, ५०० सुकन्येत, उरलेले खात्यातच. शिल्लक खात्यात ठेवायला कारण आहे. लाडक्या बहिणीचा हप्ता ठरलेल्या तारखेला येतोच असं नाही, पण अटलचा हप्ता त्याच्या तारखेला कापला जातो आणि शिल्लक नसेल तर दंड बसतो. फॉर्म भरताना मासिकऐवजी तिमाही हप्ता निवडता येतो. आधी खात्यात तीन हप्त्यांपुरते पैसे साठवा आणि मगच सही करा.