पोर्तुगालच्या किल्लेगावांतून सायकल सहल : वऱ्हाडातून जाणाऱ्यांसाठी एक परीक्षण

पोर्तुगालच्या डोंगराळ बैरा प्रदेशात, बहुतांशी स्पेनच्या सरहद्दीकडच्या भागात, बारा जुनी गावे 'ऐतिहासिक गावे' म्हणून जपली गेली आहेत. १९९१ मध्ये हा उपक्रम दहा गावांपासून सुरू झाला, २००३ मध्ये बेलमोंते आणि त्रांकोसो यांची त्यात भर पडली, आणि आज सुमारे ६०० किलोमीटरचा एक वर्तुळाकार मार्ग या बाराही गावांना जोडतो. परतवाड्याजवळच्या गावात राहणारा मी आणि माझा मामेभाऊ, अशा आम्ही दोघांनी या मार्गाचा पूर्वेकडील भाग तेथील एका सायकल-सहल कंपनीमार्फत पूर्ण केला. सेवा एकंदरीत चांगली आहे आणि मी ती सुचवेन. मात्र चढाची कल्पना देण्यात आणि जेवणाची सोय करण्यात कंपनी कमी पडते, आणि आपल्या भागातून जाणाऱ्याला नेमकी हीच माहिती आधी हवी असते.

सहलीचे स्वरूप असे की सोबत मार्गदर्शक नसतो. कंपनी सायकल देते, मुक्काम आणि न्याहारी ठरवते, रोजचा मार्ग मोबाइलवर भरून देते आणि सकाळी आपली बॅग गाडीतून पुढच्या गावी पोहोचवते. पाणी, पंक्चरचे साहित्य आणि अंगावरचे जाकीट एवढेच आपल्याजवळ ठेवावे लागते. सामान पोहोचवण्याच्या कामात एकदाही कुचराई झाली नाही. आम्ही धापा टाकत दारात पोहोचायचो तेव्हा बॅगा खोलीत ठेवलेल्या असत. रोजचे अंतर जाणूनबुजून कमी ठेवलेले आहे आणि तो निर्णय मला पूर्णपणे पटला, कारण ही गावे दुपारी गाठून संध्याकाळपर्यंत पायी हिंडण्याची आहेत, केवळ ओलांडून जाण्याची नाहीत.

आता चढाविषयी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाट ज्यांच्या पायाखालचा आहे, अशांना हा प्रदेश सोपा वाटण्याचा संभव आहे, कारण सोर्तेल्या आणि मोंसांतो ही गावे समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहेत, तर आपला चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. प्रत्यक्षात श्रमाची जातच वेगळी आहे. आपल्या घाटात एकदा चढ लागला की एका लयीत पाय चालवत राहायचे असते आणि वर पोहोचले की दिवसाचे काम संपते. तेथे मात्र ओढ्यापर्यंत उतरायचे, पलीकडचा उतार चढायचा, पुन्हा उतरायचे, असे दिवसभर चालते. आणि बहुतेक गावे शत्रूवर नजर ठेवण्यासाठी टेकडीच्या माथ्यावर वसवलेली असल्यामुळे सर्वांत खडा चढ नेमका मुक्कामाच्या तोंडाशी, पाय थकल्यावर येतो. शेवटचा तुकडा तर ग्रॅनाइटच्या ओबडधोबड दगडांनी बांधलेल्या गल्लीचा असतो, जेथे हँडल हातात थरथरते आणि उभे राहून पेडल मारायला गेले की मागचे चाक जागीच फिरते. सीटवर बसूनच, सर्वांत हलक्या गिअरमध्ये, नजर दहा हात पुढे ठेवून चढणे हा एकच मार्ग आम्हाला साधला. कंपनीच्या पत्रकात मात्र प्रत्येक दिवसापुढे केवळ किलोमीटर आणि 'मध्यम' असा शेरा आहे. दिवसभराची एकूण चढाई मीटरमध्ये छापायला हवी, कारण या मुलुखात अंतरावरून काहीही समजत नाही.

सायकली उत्तम होत्या. पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि जाड टायर असलेली डोंगरी सायकल येथे चैन नाही, गरज आहे, कारण मार्गाचा मोठा भाग कच्चा आहे आणि उतारावर सुटी खडी लागते. देण्यापूर्वी तेथील कारागिराने आमची उंची आणि पायाची लांबी मोजून सीट बसवून दिली, ब्रेक आमच्यासमोर घट्ट करून दाखवले आणि तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात याची आठवण करून दिली. डांबरी रस्त्यावर मोटारचालकांचे वागणे पाहून मामेभाऊ थक्क झाला. सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे आणि ग्रामीण भागात तो नियम बहुतेक जण पाळताना दिसतात; वळणावर मागे थांबून राहिलेल्या गाड्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

या सहलीतले एकच गाव निवडायचे झाले तर मी अल्मेइदा निवडेन. वरून पाहिल्यास बारा टोकांच्या ताऱ्यासारखी दिसणारी ही तटबंदी आहे: सहा बुरूज आणि त्यांच्या मधल्या सहा त्रिकोणी बाहेरच्या संरक्षक रचना, भोवती कोरडा खंदक. आपल्या डोंगरी किल्ल्यांप्रमाणे कड्याचा आधार तिला नाही. पठारावरच्या गावाला तोफांच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी भिंती मुद्दाम ठेंगण्या, जाड आणि तिरप्या बांधल्या आहेत. १८१० च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्याने वेढा घातला असता दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला, शेकडो माणसे मेली आणि किल्ला पडला. गळक्या पिंपातून सांडलेल्या दारूच्या रेघेला तोफगोळ्याची आग लागली, असे सांगितले जाते. पुढच्या वर्षी, १८११ च्या मे महिन्यात, इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या वेढ्यातून फ्रेंच शिबंदी रात्री तटाला सुरुंग लावून निसटली. वेलिंग्टन ही पदवी नंतरची. त्याचे मूळ नाव आर्थर वेलस्ली, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आपल्या चिखलदऱ्याजवळचा गाविलगड जिंकून घेणारा सेनापती तोच. त्यानंतर दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांना आपला मोठा मुलूख गमवावा लागला. हे मी खंदकाच्या काठावर सायकल टेकवून मामेभावाला सांगत होतो, तेव्हा तो तटाकडे पाहत म्हणाला, "भाऊ, थो आपल्या गाविलगडावर आलता, थोच का हा?" मी म्हटले, "हो, थोच."

फरक इतकाच, आणि तो मनाला लागतो, की गाविलगडाच्या आत आज मनुष्यवस्ती नाही, तर अल्मेइदाच्या तटाच्या आत लोक राहतात, दुकाने उघडतात, अंगणात कपडे वाळत घालतात. तोफांसाठी ठेवलेल्या जाडजूड कमानीच्या दारातून पाव घेऊन जाणाऱ्या आजीबाई दिसल्या. किल्ला राहता असला की त्याची निगा राहते, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी तरी गडकिल्ल्यांची आवड असलेल्या वऱ्हाडी माणसाने हे गाव पाहावे. कंपनीने येथे मुक्काम तटाच्या आत ठेवला होता. नोंदणी करताना तसाच मागावा, कारण दिवसाची गर्दी गेल्यावर तटावरून पायी फेरी मारण्याचा खरा आनंद आतच राहणाऱ्याला मिळतो.

सोर्तेल्याचा तट जवळजवळ अखंड आहे, पण आत राहणारी माणसे फार थोडी उरली आहेत. बेलमोंते हे पेद्रो आल्वारेस काब्राल याचे गाव. १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून पुढे कालिकतला पोहोचलेला दर्यावर्दी तो हाच. याच गावात, १४९७ च्या सक्तीच्या धर्मांतरानंतरही, ज्यू कुटुंबांनी शतकानुशतके आपला धर्म घरात लपवून टिकवला, आणि त्यांचे आजचे प्रार्थनामंदिर १९९६ मध्ये उघडले. मोंसांतोत घरांच्या भिंती प्रचंड शिळांना टेकवलेल्या आहेत आणि काही घरांवर शिळा हेच छप्पर आहे. १९३८ मध्ये 'सर्वांत पोर्तुगीज गाव' म्हणून त्याला चांदीचा कोंबडा बक्षीस मिळाला होता. त्याची प्रतिकृती तेथील मनोऱ्यावर बसवलेली दिसते. तेथून खाली इदान्या-आ-वेल्याकडे उतरताना मात्र चढाची सारी भरपाई होते: ऑलिव्हची झाडे, मोकळी माळराने आणि शेवटी नदीकाठी रोमन काळातल्या नगराचे अवशेष. हा दिवस सर्वांत सुखाचा होता.

जेवणाबाबत मला नाराजी नोंदवावी लागते. आम्ही शाकाहारी असल्याचे नोंदणीच्या वेळीच लेखी कळवले होते आणि तसे आश्वासनही मिळाले होते. तरी एका मुक्कामी बटाटा आणि कोबीच्या हिरव्या पानांच्या सुपात डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती टाकून वाढले गेले. त्या पदार्थाची तेथे तीच रीत आहे, त्यामुळे स्वयंपाकघराला दोष देता येत नाही, परंतु कंपनीने निरोप नीट पोहोचवायला हवा होता. दुसरे असे की लहान गावांतील खाणावळी दुपारी जेवणाची वेळ टळली की थेट रात्रीच उघडतात, आणि काही आठवड्यातून एखादा दिवस बंदच असतात; कंपनीने दिलेल्या यादीत हे तपशील जुने होते. दुपारचा पाव, फळे आणि सुकामेवा सकाळीच बांधून घ्यावा. टेबलावर न मागता आणून ठेवलेले पाव आणि ऑलिव्ह खाल्ल्यास त्यांचे पैसे बिलात लागतात, हेही ध्यानात असू द्यावे. आनंदाची गोष्ट म्हणजे सेरा द एश्त्रेला डोंगराचे प्रसिद्ध चीज मेंढीच्या दुधाचे असते आणि ते विरजण्यासाठी प्राण्याच्या आतड्यातला अर्क न वापरता एका काटेरी झाडाची फुले वापरतात, त्यामुळे शाकाहारी माणसाला ते निःशंक खाता येते. वरचे कवच कापून आतला मऊ भाग चमच्याने पावावर घ्यायचा. थोडी कडसर, दाट चव जिभेवर बराच वेळ राहते.

मोबाइलवरचा मार्ग एके ठिकाणी कुलूप लावलेल्या शेताच्या फाटकाशी संपला. कंपनीच्या क्रमांकावर फोन केला असता तो लगेच उचलला गेला आणि थोड्याच वेळात बदललेला मार्ग पाठवण्यात आला. चूक मार्ग आखणाऱ्याची होती, पण ती निस्तरण्याची तत्परता वाखाणण्यासारखी होती.

जाण्यासाठी मे महिना किंवा सप्टेंबरचा शेवट निवडावा. उन्हाळ्याची आपल्याला सवय आहे या भरवशावर जुलै-ऑगस्ट धरू नये, कारण प्रश्न केवळ उन्हाचा नाही. त्या काळात तेथे वणवे लागतात आणि धोक्याच्या दिवशी जंगलातील वाटा बंद केल्या जातात. शेंगेन व्हिसासाठी कंपनीकडून सर्व मुक्कामांचे पत्र आधी मागून घ्यावे. आम्हाला ते विनाविलंब मिळाले. लिस्बनहून कोविल्यां मार्गे ग्वार्दाला रेल्वे जाते आणि बेलमोंतेलाही त्याच मार्गावर स्थानक आहे, त्यामुळे मोटार भाड्याने घेण्याची गरज नाही. त्रांकोसोपासून सुरुवात करून मारियाल्वा, कास्तेलो रॉड्रिगो, अल्मेइदा, कास्तेलो मेंदो आणि सोर्तेल्या असे दक्षिणेकडे मोंसांतोपर्यंत यावे. नोंदणी करताना आपली उंची सेंटिमीटरमध्ये कळवावी आणि मागच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, सर्वांत मोठ्या चकतीला किती दात आहेत, हे स्पष्ट विचारावे. ५० च्या आसपास दात नसतील तर थोडे जास्त पैसे भरून विजेवर चालणारी सायकल मागून घ्यावी.